धक्क्यावरच्या फळीचा एक सेंटिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. जारा नावाच्या टणक लाकडाची, हातभर लांबीची. एके काळी तांबूस होते, आता उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने राखाडी झाले आहे. पोर्ट केलरच्या धक्क्यावर, तिसऱ्या दिव्याच्या खांबाजवळ, कठड्याच्या खालच्या आडव्या दांडीला मला खिळ्यांनी ठोकले आहे. माझ्या एका टोकाला लाकडी ठोकळा आहे आणि अंगावर तीन रेघा कोरल्या आहेत, तीन जातींच्या माशांसाठी. माशाचे नाक ठोकळ्याला टेकवायचे. शेपूट रेघेला पोचली तर मासा बादलीत, नाही पोचली तर परत समुद्रात. काम एवढेच. पण त्यापायी इथे किती रडारड झाली, ते माझे मला ठाऊक.

तिसऱ्या खांबाची जागा पोराबाळांची. खाली पाणी उथळ, तळाला स्वच्छ वाळू. डोक्यावर पत्र्याची सावली आहे, संडास जवळ आहे आणि चिप्सचे दुकान हाकेच्या अंतरावर. धक्क्याच्या पार टोकाला माकूल, म्हणजे स्क्विड, पकडणारे बाप्ये बसतात. त्यांना पोरांचा गलका खपत नाही आणि पोरांना त्यांचे तोंड पाहवत नाही. त्यामुळे सगळ्यांचे ठीक चालले आहे.

मला घडवले मर्व्हिन ट्रेझाइजने, म्हणजे मर्वने. हा गावचा सुतार, हाताचा कसबी आणि जिभेचा तिखट. एका वादळात धक्क्याच्या काही फळ्या उखडल्या, त्यातल्या एकीचा तुकडा म्हणजे मी. लोक बोटभर पिल्लेसुद्धा घरी नेतात याचा मर्वला भारी संताप होता. "पोरांना लहानपणीच शिस्त लागली पाहिजे," असे म्हणून त्याने मला रंधा मारला आणि मदतीला आपला दोस्त कॉलिन पॅस्को याला बोलावले. कॉलिनही सुतारच.

आता नीट ऐका, कारण गोम इथेच आहे. मर्वच्या टेपचे टोक वाकलेले होते. अशा टेपने मोजायची सुतारांची एक रीत असते. शून्य सोडायचे, एकच्या आकड्यापासून मोजायचे आणि शेवटी एक वाढवायचा. कॉलिनच्या हातात नियमांचा छापील कागद होता. त्याने टेपकडे पाहिले आणि मनातल्या मनात एक वाढवून आकडा सांगितला. मर्वने तो ऐकला, मनातल्या मनात आणखी एक वाढवला आणि रेघ कोरली. तिन्ही रेघांचे असेच झाले. दोघेही मुरलेले, म्हणून दोघांनीही एकमेकांना काही विचारले नाही. नवशिका असता तर त्याने विचारले असते.

अशी मी जन्मापासूनच एक सेंटिमीटर जास्त कडक निघाले. मला ते कळत होते, पण फळीला तोंड नसते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मर्वबरोबर माझा फोटो छापून आला. बाया आपल्या पोरांना ओढून आणायच्या आणि म्हणायच्या, "बघ, फळी म्हणाली नाही, तर नाही!" माशांचे मात्र फावले. कुणाकुणाला शंका आली, पण मर्वच्या तोंडी कोण लागणार? ते गुपचूप आपापल्या पट्ट्या घेऊन येऊ लागले.

मग मर्वच्या मुलाची गोष्ट घडली. त्याचे नाव डेल, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. ईस्टरची सुट्टी होती, चुलत-मामे भावंडे जमली होती आणि डेलच्या गळाला त्याच्या आयुष्यातला पहिला व्हायटिंग मासा लागला. चंदेरी, अंगावर तपकिरी ठिपके. माझ्यावर ठेवला तर रेघेला अर्धा सेंटिमीटर कमी. डेल मासा बादलीतल्या पाण्यात ठेवून घरी पळाला आणि शाळेची पट्टी घेऊन धापा टाकत आला.

"बाबा, मापात बसतोय! दोनदा मोजला मी. हे बघा!"

मर्वने पाहिले नाही. "फळी मी केलीय. फळी खोटं बोलत नाही, तू बोलतोयस. शेपूट ओढून मोजलीस ना, लबाडा?"

"नाही हो बाबा, शप्पथ!"

"टाक पाण्यात. आणि सगळ्यांसमोर सॉरी म्हण."

डेलने मासा सोडला. सॉरीही म्हणाला. भावंडे हसली. त्या दिवसानंतर त्याने गळाच्या काठीला हात लावला नाही. मला फार वाईट वाटले, अजून वाटते.

पुढे छत्तीस वर्षे गेली. कॉलिन वारला. मर्वचे गुडघे गेले, पण तो रोज येऊन माझ्याजवळच्या बाकावर बसू लागला. मी उतरणीला लागले. लोक माझ्यावर आमिष कापू लागले, सुऱ्यांचे वण पडले, सीगल पक्ष्यांनी काय केले ते सांगत नाही. कुणी एका ट्रेंटने माझ्यावर आपले नाव कोरले, तेही चुकीचे कोरून मग खोडले.

डेलची मुलगी टिली नऊ वर्षांची झाली. तिला मासेमारीचे वेड, आणि ते नेमके आजोबांकडून आलेले. डेल तिला आणून सोडायचा आणि दूर कठड्याला टेकून कॉफी पीत उभा राहायचा. मर्वचे आणि त्याचे बोलणे हवापाण्यापुरते. तीन उन्हाळे टिली येत होती. टॉमी मासे तिने ढीगभर पकडले, पण व्हायटिंग दर वेळी माझ्यावर येऊन कमी भरायचा. या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आज नाही बसला ना, तर काठी विकून टाकणार. मला काही येतच नाही."

आणि त्याच सकाळी गळाला व्हायटिंग लागला. टिलीने ओल्या हातांनी तो माझ्यावर ठेवला. रेघेला अर्धा सेंटिमीटर कमी.

"वाढेल गं तो," मर्व बाकावरून म्हणाला. "पुढच्या वर्षी भेटेल. सोड त्याला."

टिलीने मासा उचलला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ए पोरी, थांब जरा." मासेमारी खात्याच्या बाई बादल्या तपासत येत होत्या, नॅरेल त्यांचे नाव. त्यांनी पोलादी पट्टी काढून मासा तिच्यावर ठेवला. "अगं, हा तर बसतोय की! सोडतेस कशाला? खुशाल ने घरी."

टिलीने मासा घाईघाईने बादलीत टाकला आणि बादली पोटाशी धरली.

"तुमची पट्टी चुकलीय, बाई," मर्व म्हणाला.

"आजोबा, ही सरकारी पट्टी आहे. दर वर्षी तपासतात." बाईंनी पट्टी माझ्यावर आडवी ठेवली. एका रेघेला लावली, दुसरीला लावली, तिसरीला लावली. "सगळीकडे बरोब्बर एक सेंटिमीटर जास्त. कुणी केली हो ही?"

सगळा घोळका मर्वकडे पाहू लागला. डेल कॉफी तशीच ठेवून जवळ आला होता. मर्वने माझ्या ठोकळ्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. टेपचे वाकलेले टोक त्याला आठवले असावे.

"आकडे कॉलिनने सांगितले होते," तो म्हणाला.

मी मनात म्हटले, झाले! मेलेल्या माणसाच्या माथी मारून हा मोकळा होणार. कॉलिन काही उठून भांडायला येणार नव्हता.

पण मर्वने मान हलवली. "नाही. कॉलिनने टेप बघून बरोबर सांगितले होते. वर आणखी एक वाढवला तो मी. विचारलं नाही त्याला. मला वाटलं, मला काय विचारायचं?" मग तो कठडा धरून उभा राहिला. उभे राहायला त्याला वेळ लागला आणि कुणी मदत केली नाही, कारण ती त्याला खपली नसती. "डेल, तुझा तो ईस्टरचा मासा."

"जाऊ दे ना बाबा."

"जाऊ दे काय? बसत होता तो. तू दोनदा मोजला होतास आणि मी सगळ्यांसमोर तुला लबाड म्हणालो. लबाड तू नव्हतास. चुकलो मी, पोरा."

डेलचे डोळे भरून आले होते. मग तो म्हणाला, "छत्तीस वर्षं लागली बाबा तुम्हाला. एक सेंटिमीटर मोजायला!"

"सुतार आहे मी," मर्व म्हणाला. "घाई करत नाही."

आधी टिली हसली, मग डेल, मग बाईसुद्धा.

मर्व मला उपटून फेकायला निघाला होता. डेलने ते होऊ दिले नाही. त्याने घरून हत्यारे आणली, ठोकळा काढला आणि बाईंची पट्टी लावून तो एक सेंटिमीटर आत सरकवला. ठोकण्याआधी त्याने वडिलांना विचारले, वडिलांनी टिलीला विचारले आणि टिलीने तीनदा मोजले. तोवर चिप्सच्या दुकानातल्या बाईने मासा लोण्यात परतून आणला. तिघांनी बाकावर बसून एकाच कागदातून खाल्ला. काटे काढता काढता डेल टिलीच्या काठीकडे बघत म्हणाला, "संपला की दे गं इकडे. बघू मला अजून येतं का."

मित्रांनो, मी आणखी किती वर्षे टिकेन, सांगता येत नाही. माझ्यावर आमिष कापू नका, त्यासाठी पलीकडे टेबल आहे. जाताना बादलीभर पाणी माझ्यावर ओता. आणि माझ्यासारख्या मोजणाऱ्यांनाही अधूनमधून मोजून पाहत जा, मग ती फळी असो की माणूस. त्या ईस्टरच्या सकाळी मर्वला फक्त खाली वाकून पाहायचे होते, आणि तेव्हा त्याचे गुडघे अगदी ठणठणीत होते.