खालून तिसरी पायरी

माझी बायको कधीच धावली नाही असं नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती दिवसभर जिन्यावरून धावायची. खाली माझं जोडे शिवायचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दूध उतू चाललंय म्हणून वर, गिऱ्हाईक आलंय म्हणून खाली. पण तेव्हा त्याकडे कान कोणी द्यावा? पुढे तिचा पाय गेला आणि एकतीस वर्षं मी तिचं लंगडत चालणं ऐकलं. तिला जाऊन पाच वर्षं झाली. आणि या पावसाळ्याआधीच्या एका मंगळवारी, भर दुपारी, मी तिला पुन्हा धावताना ऐकलं.

ऐकलं ते नातीच्या कॉम्प्युटरमधून. नात चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. मंगळवारी तिला सुट्टी असते, म्हणून माझ्याकडे येते आणि खेळत बसते. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, म्हणते, "आजोबांना सोबत म्हणून जातेस की आजोबांना सोबतीला घेऊन खेळतेस?" दोन्ही खरं आहे.

त्या खेळाचं नाव 'वरचा मजला'. पहिला भाग आठ वर्षांपूर्वी आला होता. एक रिकामं घर असतं. खेळणारा खालच्या खोल्यांतून किल्ल्या शोधत हिंडतो आणि डोक्यावर, छतापलीकडे, एक बाई चालत असते. ती दिसत नाही, खाली येत नाही, कोणाचं काही वाकडं करत नाही. नुसती चालते. टक, खर्र, टक. एवढ्यावर पोरांची झोप उडाली होती म्हणे.

ती पावलं माझ्या बायकोची होती.

दोन गल्ल्या सोडून आवाज भरायचा एक स्टुडिओ आहे. तिथे ती झाडलोट करायची. तिथल्या साउंडवाल्याच्या कानांवर सदा हेडफोन, म्हणून ती त्याला कानवाला म्हणायची. एके दिवशी ती लाकडी फळ्यांवरून बादली घेऊन चालली होती आणि मायक्रोफोन चुकून चालू राहिला होता. कानवाला आतून ओरडला, "मावशी, बादली ठेवा आणि परत चाला." तीन दुपारी त्यानं तिला चालवलं. घरी येऊन ती हसत सुटली होती. "अहो, आज मला नुसतं चालायला लावलं. चांगल्या पायांच्या पोरी सोडून हाच पाय लागला त्याला."

मीही हसलो होतो. मला हसायला नको होतं.

कारण तो पाय माझ्यामुळे गेला. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या. खालून तिसरीची फळी तडकली होती. तिनं मला तीनदा सांगितलं, "अहो, ती फळी बघा." मी तीनदा म्हणालो, "बघतो." गावभरच्या टाचांना दिवसाला शंभर खिळे ठोकणारा माणूस मी, घरच्या फळीला मला एक ठोकवला नाही. ती ओल्या कपड्यांची टोपली घेऊन उतरत होती. फळी मोडली, मांडीचं हाड मोडलं, आणि जुळलं ते वाकडंच. डावा पाय दोन बोटं तोकडा झाला. त्याच संध्याकाळी मी फळी बदलली आणि तिला सहा खिळे ठोकले. काम एका खिळ्याचंच होतं.

तिला वेगळे जोडे शिवून दिले, डाव्या टाचेला चामड्याचे चार थर देऊन. पण चूक माझी, एवढं काही मला बोलता आलं नाही. तीही काही बोलली नाही. फक्त जिना उतरताना त्या फळीच्या वरच्या पायरीवर ती थांबायची. रोज, दर वेळी, एक श्वास. मी खाली मांडीवर जोडा घेऊन बसलेला असायचो. ती थांबली की माझी हातोडीही थांबायची. मग ती उरलेल्या तीन पायऱ्या उतरायची आणि विचारायची, "चहा टाकू?"

तर, या वर्षी खेळाचा दुसरा भाग आला. सगळ्यांनी आठ वर्षं वाट पाहिली होती. नातीनं पहिल्याच मंगळवारी लावला. मी डोळे मिटून बसलो, नेहमीसारखं तिचं चालणं ऐकायला. आधी तसंच आलं. टक, खर्र, टक. मग वरचा दरवाजा उघडला आणि ती पावलं धावत सुटली. खडखडखड जिन्यावरून खाली, अंगावर. नात किंचाळली आणि तिनं खेळातला टेंभा पुढे केला. पडद्यावर केस सोडलेली, दात विचकलेली एक बाई जळत होती.

"या भागात तिला जाळायचं असतं," नात म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिनं घाईघाईनं कॉम्प्युटर मिटला. "आजोबा, ती आजी नाहीये. फक्त आवाज आजीचा आहे."

आवाजच तर माझ्याकडे उरला होता.

त्यानंतर मला ती घरात ऐकू यायला लागली. गुडघ्यांमुळे मी दोन वर्षं दुकानातच झोपतो, वरच्या खोल्या बंद असतात. दुपारी लाकूड तापलं की कुठेतरी कट्‌ वाजतं. ते इतकी वर्षं वाजतच होतं. आता वाजलं की माझी नजर जिन्याकडे जायची आणि आरी हातातल्या हातात राहायची. वाटायचं, आता सुटेल ती धावत. जिच्याबरोबर इतकी वर्षं जेवलो तिची मला भीती वाटू लागली. आणि भीती उगाच नव्हती. तिला माझ्यावर धावून यायला कारण होतं, हे मला ठाऊक होतं.

खेळाच्या चाहत्यांत तर उभी फूट पडली. मला अक्षर उशिरा लागलं, नात पाचवीत असताना तिच्याच पुस्तकातून. त्यामुळे वाचतो सावकाश. ती फोनवर अक्षरं मोठी करून द्यायची आणि मी लोकांची भांडणं बोट ठेवून वाचायचो. एका गटाला नाव पडलं होतं वरचे, दुसऱ्याला खालचे. वरच्यांचं म्हणणं, बाईला वरच राहू द्यायचं होतं. खालचे म्हणत, आठ वर्षं नुसतं छत ऐकलं, आता ती समोर आली तर रडता कशाला?

एकानं लिहिलं होतं, "लंगडी बाई धावते कशी? डॉक्टर बदलला का?"

त्याला उत्तर होतं, "भूत आहे ते. भुताला कसला डॉक्टर?"

"मग पहिल्या भागात काय भूत नव्हतं? तेव्हा लंगडत होतं ना?"

"आठ वर्षांत माणूस सुधारतं, भूत नाही सुधारणार?"

नात खुसुखुसू हसली. मलाही हसू आलं. पण खाली एकीनं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. "माझी आई दवाखान्यात होती तेव्हा मी पहिला भाग नुसता चालू ठेवायचे. खेळायचे नाही. वर कोणीतरी आहे एवढं पुरायचं. आता तिला जाळून पुढे जा म्हणतात. मी नाही जात." तिच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, "इतकी वर्षं ती वर एकटी चालत होती. तिला खाली यावंसं वाटलं तर तुमचं काय जातं?"

मला दोघांचंही पटलं, हीच माझी अडचण. धावणं काढून टाका म्हणावं, तर पाय मोडायच्या आधीची ती एवढीशी परत मिळाली होती, तीही गेली असती. राहू द्या म्हणावं, तर ती कायमची माझ्या अंगावर येत राहणार.

असं चाललेलं असताना एका मंगळवारी कानवालाच दारात उभा राहिला. केस पिकले होते. आज हेडफोन गळ्यात होते.

"काका, माफी मागायला आलोय," तो स्टुलावर टेकत म्हणाला. "ते धावणं मी केलं. मावशींची चालच वेगानं वाजवली. जिना उतरतानाचं माझ्याकडे काही नव्हतंच. तेव्हा म्हटलं होतं, पण त्या म्हणाल्या, जिन्याचं नको."

"तसं म्हणाली?"

"हो. म्हणाल्या, घरी रोज उतरते तेवढं पुरे. आता लोकांच्या बोंबा ऐकून कंपनी म्हणतेय की खेळ दुरुस्त करून परत देऊ. टेंभा काढणारेत, तेवढं मी भांडून घेतलं. धावणं ठेवायचं की तिला परत वर पाठवायचं, ते आवाजावर ठरेल. मावशी तुमच्या. तुम्ही म्हणाल तसं." मग त्यानं सहज विचारलं, "काका, त्यांच्या पायाला झालं काय होतं?"

मी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, "जिन्यावरून पडली. आजीच सांगायची, माझीच घाई नडली म्हणून."

असं सांगत होती ती. नातीला, लेकीला, शेजाऱ्यांना. मी हातातल्या टाचेकडे बघत बसलो. तेव्हाही बोललो नाही.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "धावणं नको. आणि वरही नको पाठवू. ती खाली येऊ दे, पण तिच्या चालीनं."

"पण काका, तसं उतरणं आणू कुठून?"

"माझ्याकडे आहे."

तिचे जोडे वर पलंगाखाली होते. दोन वर्षांनी जिना चढलो, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. खोलीत कोंदट वास, आणि जोडे जसेच्या तसे, डावा उजव्याच्या किंचित पुढे. कानवाल्यानं स्टुडिओतून यंत्र आणून खाली मायक्रोफोन लावला, पंखा बंद केला, फ्रीजची वायर काढली, रस्त्याकडची खिडकी लावली. नातीला म्हणाला, "ताई, श्वाससुद्धा बेतानं."

मी जोडे हातांत चढवले. डावा डाव्या हातात, उजवा उजव्या. मग जिन्याकडे पाठ केली आणि गुडघ्यांवर, उलटा, उतरायला लागलो. मी एक पायरी खाली, जोडे एक पायरी वर. दुखरा पाय आधी टेकायचा, टक. मग चांगला ओढत आणायचा, खर्र. तो शेजारी ठेवायचा, टक. मधे कोपर भिंतीला घासायचं, कारण तिचा हात भिंतीला असायचा. कोणी सांगावं लागलं नाही. एवढी वर्षं खाली बसून दुसरं ऐकलं काय होतं?

गुडघे फाटत होते. सात पायऱ्या झाल्या. आठवी, म्हणजे खालून चौथी. तिथे जोडे टेकले आणि थांबले. मी ठरवलं नव्हतं. पुढची ती सहा खिळ्यांची फळी होती. माझे हात तिच्या जोड्यांत, माझं तोंड तिच्या पावलांपाशी, आणि एवढ्या जवळून मी तिच्या थांबण्यात कधी गेलो नव्हतो. मला वाटत आलं होतं की ती फळीला भिऊन थांबते. पण फळी पक्की होती, तिला ठाऊक होतं ते. मग ती दर वेळी श्वास रोखून वाट कशाची बघत होती?

माझी. मी काही बोलतो का, याची.

किती वेळ गेला कळलं नाही. मग हात पुढे गेले. टक, खर्र, टक. तीनदा. कानवाल्यानं हेडफोन काढले.

"मधली ती गप्प जागा कापू का?" त्यानं विचारलं.

"नको. ती तिची आहे."

दीड महिन्यानं दुरुस्त केलेला भाग आला. भांडण काही मिटलं नाही, फक्त जागा बदलून बसलं. आता सगळे त्या थांबण्यावरून भांडतात. कोणी म्हणतं, ती पळायला वेळ देते. कोणी म्हणतं, ती वास घेते. एकाचं ठाम म्हणणं आहे की त्याचा कॉम्प्युटर तिथे अडकतो. ती दवाखान्यातल्या आईची मुलगी मात्र परत आली. तिनं एवढंच लिहिलं, "आता ती आपल्याला काहीतरी विचारते असं वाटतं."

काल मंगळवार होता. नातीनं दुपारी खेळ लावला. पडद्यावर जिन्याखाली आम्ही उभे. वरचा दरवाजा उघडला. बाईला आता चेहरा नाही, नुसती सावली. टक, खर्र, टक. मी पायऱ्या मोजत होतो. आठवीवर ती थांबली.

"आजोबा, इथे सगळे दाराकडे पळतात," नात कुजबुजली.

"तू हलू नकोस."

छतात कट्‌ वाजलं. पडद्यावरची सावली वाट बघत होती.

"तुझी घाई नव्हती," मी म्हणालो. "फळी तडकली होती. तू तीनदा सांगितलंस. मी बघितली नाही. चूक माझी."

नातीनं मान वळवली. तिचा हात हवेतच राहिला. तेवढ्यात पावलं पुन्हा सुरू झाली, एक, दोन, तीन. ती येणारच होती, ठाऊक होतं मला; मीच तर वाजवली होती ती. तरीही माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. सावली अगदी जवळ आली आणि पडदा काळा झाला.



"आपण मेलो," नात हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मग तिनं नाक पुसलं. "आजोबा, परत लावू?"

"लाव," मी म्हणालो. "अजून सगळं सांगून झालं नाही."