व्हॉल्ववरची किल्ली

"पाच," हिलाल म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं.

इंजिनाशेजारी पोटावर पडून त्याने पक्कडीने रबराचा आणखी एक तुकडा नळीतून ओढून काढला आणि वर्तमानपत्रावर बाकीच्या चारांच्या रांगेत ठेवला. नदीचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा पंप, त्यातला रबरी पंखा, पंख्याला सहा पाती. पंप कोरडा फिरला तशी सगळी पाती तुटून नळ्यांत घुसली होती. सहावं सापडत नव्हतं. ते आत अडकलेलं असताना इंजिन चालवलं तर पाणी पुन्हा तुंबणार आणि इंजिन पुन्हा जळणार.

आज नववा दिवस. इंजिनाचं हेड उतरवून, घासून, नवं गॅस्केट टाकून परत बसवून झालं होतं. अठ्ठावन्न वर्षांची कंबर आता ओरडतही नव्हती, नुसती सुन्न पडली होती.

बोट कांतीशेठची. शिडाची, जुनी, गोव्याहून आणलेली. मगदल्ल्याकडे तापीच्या काठाला शेठचा खाजगी धक्का, तिथे ती बांधलेली. शीड हौसेला, भरती-ओहोटीत तिला हलवायचं काम इंजिनाचं, आणि इंजिनाचं काम चौदा वर्षं हिलालचं. त्याआधी चलथाणला उसाचे पंप, त्याआधी कतारगामला एका कारखान्याचं जनरेटर. त्या जनरेटरच्या थंड पाण्याचा व्हॉल्व एकदा तो उघडायला विसरला होता. इंजिन जळालं. चार जण एकमेकांकडे बोट दाखवत होते, तेवढ्यात हिलाल पुढे झाला आणि म्हणाला, मी विसरलो. मालकाने सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली.

तेव्हापासूनची त्याची रीत. काम संपलं की नदीचं पाणी आत घेणारा व्हॉल्व बंद करायचा आणि इंजिनाची किल्ली लाल दोऱ्याने व्हॉल्वच्या दांड्यालाच टांगायची. किल्ली हवी तर व्हॉल्वला हात लावावाच लागणार. हे त्याने शेठला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, कानाखालच्या आवाजासकट. शेठ पोट धरून हसला होता.

आठ दिवसांपूर्वी हिलालला बोलावणं आलं तेव्हा व्हॉल्व बंद होता. लाल दोऱ्यातली किल्ली जागच्या जागी होती, तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. आणि वर स्विचमध्ये दुसरीच किल्ली होती, कोरी, चकचकीत. शेठच्या पोराने, धवलने, गुपचूप करून घेतलेली. होणाऱ्या सासऱ्याला डुमसकडे फिरवून आणायचं होतं ना! निम्म्या वाटेत धूर निघाला. कोळ्यांच्या होडीने ओढत आणलं.

धवल दुसऱ्याच दिवशी जवळ येऊन बसला होता. "काका, पप्पा को बोल देना ना, व्हॉल्व आपसे बंद रह गया. आपको क्या फरक पड़ता है?"

काल संध्याकाळी बायकोने, रंजनाने, भाकरी थापता थापता तेच सांगितलं. "म्हनी टाका ना. काय जास आपलं?"

"मी इसरनू नही," हिलाल म्हणाला.

"मी कोठे म्हनस इसरनात? म्हनी टाका म्हनस."

तिचंही बरोबर होतं. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

वर फळ्या वाजल्या. काठी टेकत शेठ खाली उतरला. मागे वरच्या दारात धवल आणि त्याचा होणारा सासरा, पांढऱ्या बुटांतला.

शेठने बंद व्हॉल्व पाहिला. लाल दोरा पाहिला, जाळं पाहिलं. मान वळवून स्विचमधली किल्ली पाहिली. म्हाताऱ्याला सगळं कळलं. हिलालला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

"हिलाल," शेठ हळूच म्हणाला, "वेवाई ऊपर खड़े हैं. बोल दे ना. छोकराओ छे, भूल हो जाती है."

म्हणजे कळूनही हेच. हिलालने फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

वरून सासऱ्याने विचारलं, "क्यों मिस्त्री, व्हॉल्व खोलना भूल गए थे?"

"एक बार भूला था साहेब. कतारगाम में, सत्तावीस साल पहले. उसी दिन बोल दिया था. शेठ को मालूम है."

"और इस बार?"

"इस बार नहीं भूला."

धवल मोबाइलमध्ये बघू लागला. पांढरे बूट जरा मागे सरकले. शेठने घसा खाकरला. "अब तू भी थक गया है. आज इंजिन चालू कर दे, कल से आराम कर."

हकालपट्टीला मोठी माणसं आराम म्हणतात.

ते गेले. हिलालला तसंच उठून जाता आलं असतं. इंजिन चालू झालं असतं आणि दहा मिनिटांत पुन्हा भाजलं असतं, ज्याचं त्याचं नशीब. तो पुन्हा पोटावर पडला. कूलरच्या मागे नळी जिथे वळते त्या कोपराचे दोन्ही क्लॅम्प सोडले, आत करंगळी घातली. गाळ, गाळ, आणि गाळात काहीतरी मऊ.

"सहा."

त्याने कोपर धुऊन बसवला, पंपात नवा पंखा घातला. जाळं बोटाने बाजूला करून लाल दोऱ्यातली किल्ली काढली आणि व्हॉल्व उघडला. इंजिन खोकलं, मग लागलं. मागच्या पाइपातून तापीचं मचूळ पाणी गचके देत पडू लागलं. अर्धा तास त्याने नुसता हात ठेवून इंजिनाची ऊब पाहिली. मग बंद केलं. व्हॉल्व बंद, किल्ली दांड्याला. कोरी किल्ली जिथे होती तिथे परत लावली. पान्हे पिशवीत भरले.

धक्क्याच्या फाटकापाशी तो थबकला. व्हॉल्व लावला ना? लावलाच होता. तरी तो वळला, सगळ्या फळ्या चालत मागे आला, कंबर धरत खाली उतरला आणि दांडा ओढून पाहिला.

बंद होता.