भुऱ्याची सवय

दुसरी बायको करायचं ठरल्यावर लटारूने धानोऱ्याहून तिचं जुनं लुगडं आणलं आणि पहिलीच्या, ठमाबाईच्या अंगावर फेकलं. "पोळ्यानंतर ते येऊन राह्यली. भुऱ्याले तिची सवय लाव. तिले चावला नाई पाह्यजे!" एवढं बजावून तो पुन्हा धानोऱ्याला गेला.

ठमाबाई दातओठ खात कामाला लागली. कुत्र्याला त्या लुगड्यावर बसवून ती भाकर घालायची. मग लटारूचा न धुतलेला टेरिकॉटचा शर्ट अंगात चढवून तीच भाकर त्याच्या तोंडापुढून हिसकावून घ्यायची.

नवी दारात आली तेव्हा भुऱ्याने तिचे पाय चाटले आणि लटारूची पोटरी धरली.

"मले काऊन चावते हा?" लटारू बोंबलला.

"तिची सवय लावली," ठमाबाई म्हणाली, "अन् तुमची मोडली. त्याचीबी, माहीबी."