बुड फोडलेला कप

कप जागेवर नव्हता.

अर्लीन मंजिन गुडघे टेकून वाळूत हात फिरवत राहिली. बारा वर्षांपूर्वी आईच्या थडग्यावर तो तिनेच ठेवला होता. निळ्या फुलांचा, आईने शेवटची कॉफी प्यायलेला, रिवाजाप्रमाणे बुड फोडलेला. बुड फोडायचं ते अशासाठी, की मरणाची साखळी तिथेच तुटावी आणि गेलेल्या माणसाने मागच्यांना बोलावून घेऊ नये. आणि ठेवलेली वस्तू कुणी हलवली, तर गेलेलं माणूस ती शोधत घरी येतं. टॅबर बेटावर जन्मलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नसे.

"एकट्या आईचंच नाही," तिचा धाकटा भाऊ थॅडियस ओकच्या झाडाखालून म्हणाला. "पाण्याचा पिवळा जग नाही, घड्याळ नाही, कंदील नाही. सगळं झाडून नेलंय."

"रॅकून?"

"रॅकून कशाला नेतील? लग्नाची पंगत आहे त्यांच्याकडे?"

अर्लीनला हसू आलं नाही. लाकडी क्रूस मागच्या वादळात वाहून गेले होते आणि उंचवटे वाळूत दबत चालले होते. कोण कुठे निजलंय हे सांगणारी उरली होती ती एवढी भांडीच. पिवळा जग म्हणजे हॅगर आत्या, घड्याळ म्हणजे सुईण मिस टेम्पी. नाव वस्तूला चिकटलेलं, जागेला नव्हे. आणि आता वस्तूच नव्हत्या.

वाळूत जाड तळव्याच्या बुटांचे ठसे मात्र होते, अगदी ताजे.

भावंडं मुक्कामाला उतरली होती त्या तळावर त्यांच्याशिवाय आणखी तंबू एकच होता, कूपमन नावाच्या गोऱ्या गृहस्थाचा. काल बोटीवरून उतरल्यावर त्याने आपणहून सरपण दिलं होतं आणि सामान उचलायला हात लावला होता. बोलणं अगदी साखरेत घोळलेलं. अर्लीनला तेव्हाच ते खटकलं होतं. गोगलगाय आणि पोटात पाय! तसं पाहिलं तर आजोबांची रताळ्यांची शेती याच तळावर होती. आता बेट राखीव झालं, आणि नातवंडांना इथे पाठ टेकायची तर परवाना काढून, पाहुण्यासारखं. त्या रागाचा थोडा भागही कूपमनच्याच खाती जमा झाला, हे खरं.

त्याच्या तंबूशेजारच्या फांदीला एक पिशवी आणि एक पोतं टांगलेलं होतं. रॅकूनच्या भीतीने खाणं सगळेच टांगतात. पण खाणं वाऱ्यावर किणकिणत नाही. ते पोतं किणकिणत होतं.

"तू गप्प बस," अर्लीनने भावाला बजावलं आणि कॉफीची किटली घेऊन ती त्याच्यासह कूपमनच्या तंबूकडे निघाली.

"काय मग, आवडलं का आमचं बेट?"

"फार आवडतं, मॅम. दरवर्षी येतो." कूपमनने कप पुढे केला. "आणि रिकाम्या हाताने कधी परत जात नाही."

थॅडियसला ठसका लागला.

"असं? काय नेता?"

"एक पोतं तरी भरून नेतोच. आपला नेम आहे तसा. यंदा तर तिकडे ओकच्या झाडांत एवढं मिळालं, की पोतं पुरेना."

केवढा निगरगट्ट माणूस, अर्लीनला वाटलं. तोंडावर सांगतोय. "चांगला भाव येत असेल."

"भाव? याला कोण विचारतंय?"

"विचारतात की. शहरात लोक जुन्या बशा भिंतीवर लावतात."

कूपमनचा हात थांबला. त्याचं हसू मावळलं आणि तो तिला आपादमस्तक न्याहाळू लागला. "मी बशांचं काही बोललोच नाही, मॅम. तुम्हाला कसं कळलं?" मग आवाज चढवून म्हणाला, "म्हणजे तो कचरा तुम्ही लोकांनी टाकलाय तर! राखीव जंगलात येऊन फुटकी भांडी फेकायची, आणि वर..."

"आम्हीच ठेवलीत," अर्लीन म्हणाली. "त्यांच्याखाली माझी आई आहे."

कूपमनने कॉफी खाली ठेवली. मग त्याने दोरी सोडून पोतं वाळूत रिकामं केलं. फुगे, प्लास्टिकच्या बाटल्या, एक तुटकी चप्पल, आणि त्यातच कंदील, घड्याळ, जग. निळ्या फुलांचा कपही होता. अर्लीनने त्याला हात लावला नाही.

"मला वाटलं, कुणीतरी सहलीला येऊन..." तो म्हणाला. "मी परत ठेवतो. कुठून काय उचललं, ते मला सगळं आठवतंय."

फारच चटकन आठवलं याला. अर्लीनने थॅडियसचा दंड दाबला. "आईचा उंचवटा कोणता, ते बोलू नकोस. बघू या."

ओकच्या सावलीत कूपमन एकेक वस्तू ठेवत गेला. घड्याळ इथे, जग तिकडे, कंदील मुळापाशी. कुठे अडला नाही की अडखळला नाही. शेवटी त्याने निळा कप उचलला आणि तीन उंचवटे सोडून पलीकडे जपून ठेवला.

"नक्की?"

"अगदी नक्की, मॅम."

अर्लीनने कप उचलला, चालत आली आणि आईपाशी पालथा ठेवला. कूपमन ते पाहत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग बाकीचं?" त्याने विचारलं.

"ते मी तुम्हाला विचारतेय."

"चार-पाच नक्की. बाकीचं... आठवत नाही, असं तुमच्या तोंडावर म्हणायचा धीर झाला नाही."

अर्लीनला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं. चोर असता तर बरं झालं असतं. चोराला निदान शिव्या तरी घालता येतात.

"जाऊ दे गं, अर्ली," थॅडियस म्हणाला. "या बायका जन्मभर एकमेकींची भांडी उसनी नेत होत्या आणि परत करताना भांडत होत्या. आताही घेतील ओळखून आपापली."

"घेतील. पण कुणी नेली होती, ते त्यांना कळू दे." ती कूपमनकडे वळली. "प्रत्येकीला आपलं नाव सांगा आणि मग जा."

कूपमनने टोपी काढली. पिवळा जग ठेवलेल्या उंचवट्यापुढे तो वाकला. "मी रसेल कूपमन," तो म्हणाला. "चूक झाली माझी..." समोर नेमकं कोण आहे, हे न कळून त्याने मान वळवली आणि अर्लीनकडे पाहिलं.

अर्लीनने तोंड उघडलं. पण इथे कोण निजलंय, ते आता तिलाही सांगता येईना.