शक्तिमानच्या चाकाखालची माती

लष्कराच्या शक्तिमान ट्रकचं वीतभर लांबीचं मॉडेल मी सहा महिने खपून केलं होतं. पण ते नुसतं टेबलावर ठेवून कसं चालेल? त्याला देखावा हवा. थर्मोकोलचा चढ झाला, त्यावर प्लास्टर झालं, आणि नोएडातल्या प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना घोडं अडलं ते कच्च्या रस्त्याच्या धुळीवर. बाल्कनीतल्या कुंडीची माती काळी, खताची. चहाच्या गाळण्यातून चाळली तरी गोळेच. वर गाळणं नासलं म्हणून बायकोची, संपदाची, बोलणी खाल्ली.

देवघरात आप्पांची डबी होती, जुन्या फिल्म-रोलची. आप्पा म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षांपूर्वी बदली होऊन दिल्लीत आल्यावर त्यांनी पानिपतला काला अंबपाशी, मराठे जिथे पडले त्या रणभूमीवर, मूठभर माती उचलली होती. फिकी, मैद्यासारखी मऊ. दर चौदा जानेवारीला, लढाईच्या दिवशी, ते तिथे जाऊन यायचे आणि घरी त्या मातीचा टिळा लावायचे.

माती ती माती, असं मी स्वतःला बजावलं. सगळी फेव्हिकॉलवर भुरभुरवली, डबी कुंडीतल्या मातीनं भरली आणि परत गणपतीमागे ठेवून दिली. दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नेमकं धुळीचंच कौतुक केलं, आणि मी निर्लज्जासारखा हसलो.

त्यानंतर महिन्याभरात आप्पा मेट्रो स्टेशनवरून घरी येताना रस्ता चुकले. तीस वर्षांचा मयूर विहारचा रस्ता! डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आणि विसरलेलं लिहून ठेवायला एक छोटी वही करायला लावली. यंदा पानिपत नाही, असं आम्हीच ठरवलं.

चौदा तारखेला आंघोळ करून ते देवघरासमोर बसले. डबीतली चिमूट बोटांत चोळली. थांबले. पुन्हा चोळली.

"जयंत, ही माती काळी होती का रे?"

"असेल, आप्पा."

"अच्छा. मला तर बिल्कुल फिकी आठवते." त्यांनी खिशातून वही काढली, चष्मा लावला आणि लिहिलं : मातीचा रंग.

ते तीन सेकंद मी आयुष्यभर विसरणार नाही. स्वतःच्या बापाला मी वेडा ठरवत होतो, एका बक्षिसासाठी. मी आतून देखावा आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"आप्पा, तुमची माती इथे आहे. मीच घेतली. डबीत कुंडीतली भरली."

आप्पा ट्रकवर वाकले. मग त्यांनी रस्त्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही, आप्पा."

शिव्या खायची माझी तयारी होती. पण त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "संपदा!" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "ऐकलंस का? फिकीच होती!" वहीतली ओळ त्यांनी दोनदा खोडली.

मग टिळ्यासाठी चाकाखालची माती घ्यायला गेले. फेव्हिकॉलनं ती दगड झाली होती. त्यांनी नखानं खरवडून पाहिलं, काही निघालं नाही.

"चलो, असू दे," म्हणाले, आणि ते कोरडं बोट माझ्या कपाळाला लावलं. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.