मागची सीट

मी एक सायकल, पण एकट्यादुकट्याची नव्हे, दोघांची. एका मिस्त्रीनं दोन मोडक्या सायकली कापल्या, त्यांचे सांगाडे जोडले आणि मला उभं केलं. पुढे एक सीट, मागे एक. दोन्हीकडची पायडलं साखळीनं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरणारच. मिस्त्रीनं हौसेनं घडवलं खरं, पण मला गिऱ्हाईक मिळेना. येणारेजाणारे घंटी वाजवायचे, हसायचे आणि चालू पडायचे.

मग एका संध्याकाळी ती दोघं आली. लग्न तोंडावर आलेलं. तो बेकरीत पाव भाजायचा. अबोल, मनगटांवर भट्टीचे चटके. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नदीचं पाणी तपासायची आणि एकदा बोलायला लागली की थांबायची नाही.

"हीच," ती म्हणाली. "हनिमूनला हीच न्यायची."

घरी चांगलंच वाजलं. त्याच्या आईनं मला दारातच अडवलं. "लोक विमानानं जातात, समुद्रकाठच्या हॉटेलात राहतात. तुम्ही घाम गाळत जाणार? हनिमून आहे का शिक्षा?"

"आई, हॉटेलांचं सांडपाणी कुठं जातं ते मी रोज बाटलीत भरून बघते," होणारी सून म्हणाली. "जिथं जायचं तिथं घाण करून यायची, त्यापेक्षा आपल्या पायांनी जाऊ. नदीच्या काठानं, सावकाश."

"आणि फोटोत काय दिसणार? नवरी पंक्चर काढताना?"

यावर तो एवढा हसला की वाद तिथंच मिटला. आईनं कपाळाला हात लावला आणि आतून एक जाड चादर आणून माझ्या कॅरिअरला बांधली.

त्या नदीकाठच्या दिवसांइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही. दिवसभर रमतगमत जायचं, अंधार पडायच्या आत कुणाच्या ओसरीवर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायची. झालेला कचरा पिशवीत भरून बरोबर घ्यायचा. पहिल्या दिवशी मात्र दोघांची सारखी जुंपत होती. तो न सांगता ब्रेक दाबायचा आणि तिचं नाक त्याच्या पाठीवर आपटायचं. मागं बसणाऱ्याला समोर फक्त पाठच दिसते.

"तू रस्ता बघ," शेवटी ती म्हणाली, "बाकीचं मी बघते."

मग ती बघायची आणि त्याला सांगायची. पाण्यावर उतरलेले बगळे, नावेत वाळत घातलेले कपडे, उंबऱ्यात बसून एकाच सुपातल्या शेंगा सोलणारी म्हातारा-म्हातारी. "आपणही असंच भांडत शेंगा सोलू," ती म्हणाली. त्यानं घंटी उगाच वाजवली.

कोण किती जोर लावतंय, हे मला साखळीच्या ताणावरून कळतं. परतीच्या वाटेवर एका चढाला मागचे पाय एकाएकी हलके झाले.

"फुकट बसून चाललीस का गं?" त्यानं विचारलं.

"बायको आहे तुझी. हक्क आहे," ती म्हणाली.

पण चढ संपेपर्यंत तिनं एक हात छातीवर दाबून धरला होता. तिनं त्याला सांगितलं नाही. मला सांगता येत नव्हतं.

घरी परतल्यावर ती जिन्यातच खाली बसली. हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन झालं, ती घरी आली, पण अर्धीच आली म्हणायची. जरा बरं वाटलं की तो मला खाली उतरवायचा, तिला उचलून मागं बसवायचा आणि इमारतीभोवती एक फेरी मारायचा.

"जोर लावू नकोस."

"कुठं लावतेय? तुझ्या पायांनी माझे पाय फिरतायत."

आई खिडकीतून बघायची आणि चटकन आत वळायची. पुढे त्या फेऱ्याही थांबल्या. एका सकाळी जिना चपलांनी भरून गेला, आणि चौघांनी तिला खांद्यावर घेऊन खाली नेलं.

बऱ्याच दिवसांनी तो एकटाच मला घेऊन निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला असेल. मागची पायडलं रिकामीच गरगरत होती. त्यानं मान वळवून पाहिलं, उतरला आणि मला हातानं ढकलत घरी घेऊन आला.

मी जिन्याखाली पडून राहिले. टायर बसले, घंटी गंजली. आई मात्र अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसायची. मागच्या सीटवर तिचा हात जरा जास्तच रेंगाळायचा.

परवा त्यानं हवा भरली, तेल घातलं आणि मला अंधांच्या शाळेत आणलं. तिथं त्याच्या बेकरीचे पाव जातात. एक शिक्षिका पुढं बसून मुलांना फिरवणार होत्या. पहिली आली ती एक चिमुरडी. तिचे पाय पायडलांना पुरेनात.

"सीट खाली घ्यावी लागेल," शिक्षिका म्हणाल्या.

त्यानं पाना काढला. ती उंची त्यानं लग्नाआधी, होणाऱ्या बायकोला उभं करून, मापून लावली होती. बोल्ट काही घट्ट नव्हता, तरी त्याला फार वेळ लागला.

"काका, इथं आधी कोण बसायचं?" मुलीनं सीट चाचपत विचारलं.

"माझी बायको."

"मग आता?"

"आता ती नाही, बाळ."

मुलीनं सीटवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "मी जपून बसते हं."

त्यानं मान हलवली. तिला ते दिसलं नाही, म्हणून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही निघालो. साखळीवर लहानशा पायांचा ताण आला, आणि तो फाटकाशी पाना हातात धरून उभा राहिला.