तुळजाबाईची साक्ष आणि समासातल्या चार ओळी

मी बोलतेय, पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातली नाटकाची प्रत. घाबरू नका, संवाद म्हणून दाखवणार नाही. नाटक म्हणून मला कोणी हातात घेतलं त्याला जमाना झाला. आता माझा फक्त अभ्यास होतो.

माझ्यात एक खटला आहे. बाळाचा ओठ फाटका निघाला, आणि आईला ग्रहणात भाजी चिरू दिली म्हणून गावाने सुईणीला कोर्टात खेचलं. बाळाची आई तुळजाबाई साक्षीला उभी राहते. सरकारी वकील म्हणतो, "सुईणीने तुला भरीला घातलं, कबूल कर." सुईणीचा वकील म्हणतो, "ग्रहण पाळणं तुला पटतच नाही, सांगून टाक." तुळजाबाई दोघांनाही एकच उत्तर देते, "मला भूक लागली होती."

माझ्यावर लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. बाण गेलेले बदाम काय, 'आयएमपी'च्या चांदण्या काय, अंगभर गोंदून ठेवलंय मेल्यांनी. मध्यंतरी माझी पानं सुटली, तेव्हा कसबा पेठेतल्या रज्जाकभाईंनी मला शिवून नवा पुठ्ठा चढवला. यंदा त्यांचीच मुलगी परवीन मला घरी घेऊन गेली. वडिलांची शिवण ओळखून ती हसली, तेव्हाच ती मला आवडली.

सोहनी सर हे नाटक शिकवतात, म्हणजे टिपणं सांगतात. वही पिवळी पडली आहे, पण दरवर्षी तीच. "विषय विचारस्वातंत्र्य. पूर्णविराम. तुळजाबाई भित्री, अडाणी, दुय्यम. पूर्णविराम." मुलं उतरवून घेतात, पेपरात तसंच लिहितात, आणि सर वहीशी ताडून गुण देतात.

चाचणीत परवीनने लिहिलं की दोन्ही वकिलांना तुळजाबाईच्या तोंडून आपलंच म्हणणं वदवून घ्यायचं आहे, स्वतःचं बोलते ती एकटी तुळजाबाई. तिला वीसपैकी दोन गुण मिळाले. वार्षिक परीक्षेत असंच झालं तर वर्ष वाया जाणार होतं.

"सर, माझं चुकलं कुठे?" तिने विचारलं.

"चुकलं नाही, विचारलं नव्हतं," सर म्हणाले. "मतं पदवी मिळाल्यावर मांडा. तोवर टिपणं आहेत."

मी तिच्या हातातच होते. माझा कानांवर विश्वास बसेना. विचारस्वातंत्र्याचं नाटक शिकवणारा माणूस हे बोलत होता.

त्या दुपारी परवीन मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली. तुळजाबाईच्या साक्षीच्या पानावर, समासात, तिला पेन्सिलीतल्या चार पुसट ओळी दिसल्या. 'तुळजाबाई भित्री नाही. दोन्ही वकील तिच्याकडून स्वतःचंच वदवून घ्यायला बघतात. हिला मात्र कोणाचंच पाठ नाही. हीच खरी मोकळी.' अक्षर फळ्यावर रोज दिसणारं होतं. तिने माझ्या शेवटच्या पानावरची, पुस्तक कोणी कधी नेलं याची चिठ्ठी पाहिली. १९७८ सालच्या नोंदीत एकच नाव होतं, माधव सोहनी. मलाही तेव्हा आठवलं. सडपातळ मुलगा होता, वाचताना ओठ हलवायचा.

दुसऱ्या दिवशी तिने मला सरांच्या टेबलावर उघडं ठेवलं. "सर, हे कोणी लिहिलंय?"

सर बराच वेळ वाचत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. आता हे हसतील, दोनाचे बारा करतील, असं मला वाटलं.

"असेल कोणी टवाळ," ते म्हणाले. "ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये. खोडरबर आहे का तुमच्याकडे?"

तिने दिला. सरांनी चारही ओळी नीट खोडल्या, चुरा फुंकला आणि मला मिटलं. माझ्यावर चहा सांडलाय, माझी पानं फाडली गेलीत, पण इतकी मी कधी हादरले नव्हते. माणूस स्वतःलाच असं पुसून टाकतो?

परवा पेपर आहे. मी आत्ता परवीनच्या मांडीवर त्याच पानावर उघडी आहे आणि शेजारी टिपणांची वही आहे. पेनचं टोपण काढून ती माझ्या मोकळ्या समासाकडे बघत बसली आहे.

परवीन, माझ्यावर लिहू नका म्हणून मी जन्मभर कुरकुरले. आज मीच विनवते, लिही बाई. आधी माझ्यावर लिही, मग पेपरात. आणि शाईने लिही.